बोल्टची लांबी: डोकं धरून मोजायची की डोकं सोडून?

आधी ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. झालं? आता कामाचं बोलू.

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी अगदी सरळ मनाने विचारलंय. त्यांनी एम ८ चे (म्हणजे नावाला ८ मिमी जाडीचे), पन्नास मिमी लांबीचे, तीन प्रकारचे बोल्ट मागवले. घरी वर्निअर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) लावून टोकापासून टोकापर्यंत मोजले तर काउंटरसंक डोक्याचा भरला ५०, साधा षटकोनी डोक्याचा ५५ आणि ऍलनचा (गोल डोकं, त्यात षटकोनी खाच) ५८. तिन्ही पाकिटांवर मात्र ८ बाय ५० च. त्यांना १२ मिमीच्या दोन पट्ट्या एकमेकांना जोडायच्यात, आरपार भोक आहे, दोन्हीकडून वॉशर आणि मागून नट. ऍलनचा बोल्ट लावला तर घट्ट बसतो आणि षटकोनी लावला तर पाना जाम होईपर्यंत आवळला तरी पट्ट्या हलतात. म्हणून त्यांचं म्हणणं, "लांबी नक्की कुठून मोजतात, मला किती लांब पाहिजे, आणि मी फसवला गेलोय का?"

फसवलं कुणी नाही. पण प्रश्न दिसतो तसा एक नाहीये, त्यात दोन आहेत. पाकिटावरची लांबी कशी मोजतात हा एक, आणि तुमच्या कामाला किती पुरते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ठरलेलं आहे, दुसरं ज्याचं त्याच्या भोकावर अवलंबून.

माझी नोकरी टूलरूममध्ये आणि नंतर इन्स्पेक्शनला गेली. दरवर्षी नवीन ट्रेनी पोरं यायची आणि पहिल्याच आठवड्यात हा विषय निघायचा. मी फळ्यावर बोल्ट काढून विचारायचो की बाळांनो लांबी कुठून मोजाल, की मागच्या बाकावर खुसखुस सुरू. चोराच्या मनात चांदणं. मी चेहरा कोरा ठेवून एकच वाक्य सांगायचो: जेवढं आत जातं तेवढीच लांबी धरायची, बाहेर राहतं त्याची मोजदाद नाही. त्यानंतर पाच मिनिटं वर्ग बंद. पण त्या बॅचमधला एकही पोरगा पुढे बोल्ट मागवताना चुकला नाही, त्यामुळे मी शिकवायची पद्धत बदलली नाही.

आता हे वाक्य तुमच्या तीन बोल्टांना लावून बघा. षटकोनी बोल्टचं डोकं पट्टीच्या बाहेर राहतं, म्हणून ते धरायचं नाही. डोक्याच्या खालच्या सपाट बाजूपासून टोकापर्यंत ५०. एम ८ चं षटकोनी डोकं साधारण ५.३ मिमी उंच असतं, म्हणून एकूण ५५ भरला. ऍलनच्या गोल डोक्याचंही तसंच, ते बाहेरच बसतं, फक्त त्याची उंची बोल्टच्या व्यासाएवढी असते, म्हणजे ८ ला ८, म्हणून ५८. काउंटरसंकचं डोकं खाली निमुळतं असतं आणि पट्टीत बुडून पृष्ठभागाशी सपाट होतं, म्हणजे डोक्यासकट सगळंच आत. म्हणून तिथे डोकं धरून ५०. हाच सूर्य हाच जयद्रथ. वर्निअरवर एखाद्या बोल्टला अर्धा मिमी इकडेतिकडे दिसला तर घाबरू नका, पन्नासच्या षटकोनी बोल्टला स्टँडर्डमध्येच अर्धा मिमी कमीजास्त मान्य आहे.

या नियमाची गंमत अशी की चमत्कारिक प्रकारांनाही तो बरोबर लागतो. काउंटरसंकचीच एक जात असते जिच्या डोक्यावर छोटा घुमट असतो, तिथे निमुळता भाग धरायचा आणि घुमट सोडायचा, कारण घुमट बाहेर राहतो. ग्रब स्क्रूला डोकंच नाही, अख्खा आत जातो, तर अख्खा मोजायचा. पण स्टडच्या (बिनडोक्याचा, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा) बाबतीत आधी विचारून घ्यावं. फ्लँजच्या (पाईप जोडायच्या कड्यांच्या) स्टड बोल्टची लांबी पहिल्या पूर्ण आट्यापासून शेवटच्या पूर्ण आट्यापर्यंत धरतात, टोकांचा निमुळता भाग हिशेबात नाही, असं फ्लँजच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये आहे. सगळेच ते पाळतात असं नाही. शोल्डर बोल्ट तर पूर्ण वेगळं प्रकरण, तिथे नाव फक्त मधल्या गुळगुळीत खांद्याच्या लांबीचं असतं आणि आटे त्यात धरतच नाहीत. आय बोल्ट, जे बोल्ट, यू बोल्ट असले वाकडेतिकडे प्रकार मागवताना तोंडी आकडा सांगू नका, कागदावर चित्र काढून बाण मारून द्या. वाकड्याची लांबी प्रत्येकजण आपल्या सोयीने मोजतो.

तर थोडक्यात: डोकं बाहेर राहत असेल तर सोडा, आत बुडत असेल तर धरा.

आता तुमचं खरं दुखणं, म्हणजे आवळूनही हलतंय ते. इथे लांबी कमी पडत नाहीये, जास्त झालीये. हो, जास्त. लोकांना वाटतं थोडा मोठाच घेतलेला बरा, कमी पडायला नको, आणि या बाबतीत कुणी ऐकायलाच तयार नसतं.

हिशेब करू. दोन पट्ट्या मिळून २४. एम ८ चा वॉशर १.६, दोन्हीकडचे मिळून ३.२. झाले २७.२. नट जास्तीत जास्त ६.८, म्हणजे ३४. नटाच्या बाहेर निदान दोन आटे दिसायला पाहिजेत, एम ८ चा पीच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) १.२५ म्हणजे ते अडीच मिमी. आले ३६.५. बाजारात मिळणाऱ्या लांब्या ३५, ४०, ४५, ५० अशा पाचपाचच्या टप्प्याने येतात. ३५ चा घेतला तर नटाच्या बाहेर जेमतेम एक मिमी येईल, तोही पूर्ण आटा नाही. म्हणजे तुम्हाला ४० पाहिजे होता. पन्नासची हौस कशाला केली ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

बरं, मोठा घेतला तर घेतला, मागून जास्त बाहेर येईल एवढंच ना? फुल थ्रेडचा असता तर एवढंच झालं असतं. पण तुमचा षटकोनी बोल्ट हाफ थ्रेडचा दिसतोय. हातात घेऊन बघा, डोक्याखाली गुळगुळीत दांडा आणि पुढे आटे असं असेल. एम ८ च्या हाफ थ्रेड षटकोनी बोल्टला टोकाकडून २२ मिमी आटे असतात. पन्नासातून २२ गेले, राहिले २८. म्हणजे डोक्याखाली २८ मिमी जवळजवळ पूर्ण आट्याचा भागच नाही, आणि तुमचं सगळं मिळून जाडी २७.२. नट फिरत फिरत आला, आटे संपले तिथे येऊन रुतला. पान्याला वाटतं काय घट्ट बसलाय! आणि पट्ट्यांमध्ये फट तशीच. जोर सगळा नट आणि दांड्यात जिरला, पट्ट्यांना त्याचा पत्ताच नाही. ऍलनच्या बोल्टला तेवढ्याच लांबीत २८ मिमी आटे असतात, गुळगुळीत भाग २२ चाच, म्हणून तो व्यवस्थित आवळतो. तुमच्या हाताचा दोष नाही.

हे ओळखायची सोपी खूण सांगतो. नट हाताने फिरवत न्या. वॉशरला टेकायच्या आधीच जड झाला तर आटे संपले, तिथे पाना लावून झटापट करण्यात अर्थ नाही. टेकला आणि मग जड झाला तर ठीक.

आरपार भोक नसेल, म्हणजे बोल्ट एखाद्या जाड भागात आटे पाडून त्यात बसवायचा असेल, तर प्रश्न बदलतो. आत किती गेला पाहिजे? लोखंडात लोखंड असेल तर निदान व्यासाएवढं, एम ८ ला ८ मिमी. अॅल्युमिनिअम मऊ असतं, तिथे दीडपट ते दुप्पट धरतो मी. त्याहून जास्त आत घालून फार फायदा नाही, कारण पहिल्या एक-दोन आट्यांवरच सर्वात जास्त भार येतो, एकट्या पहिल्या आट्यावर साधारण एक तृतीयांश, मागचे बहुतेक बघ्याच्या भूमिकेत. खोली जास्त म्हणजे पकड जास्त असं समजणारे पुष्कळ भेटतात, मी आता वाद घालत नाही.

पण बंद भोकात खरी भीती तळ लागण्याची. बोल्ट एक मिमी जरी लांब झाला तरी टोक तळाला टेकतं, डोकं वरच अधांतरी, आणि हाताला वाटतं झालं काम. म्हणून भोकाची खोली आधी मोजा, वर्निअरच्या मागून जी बारीक पट्टी बाहेर येते ती त्यासाठीच असते. आणि ड्रिलची खोली म्हणजे आट्यांची खोली नव्हे. साध्या ११८ डिग्रीच्या ड्रिलने तळाशी शंकू राहतो, व्यासाच्या साधारण ०.३ पट, त्यात आटे पडत नाहीत, आणि टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) टोकही निमुळतं असल्याने तळाजवळचे दोन-चार आटे अर्धवटच असतात. वर भोकात तेल साचलेलं असेल तर ते आधी काढा. तेल दबत नाही. बोल्ट आत जायला लागला की तेलाला जागा नाही, दाब एवढा वाढतो की कास्टिंगला तडा जातो. इंजिन ब्लॉकवाले मेकॅनिक बोल्ट घालण्याआधी भोकात हवा मारून घेतात ते उगाच नाही. ओलं असलेलं बरं हा समज प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

आता जाडीचं. भाऊंनी विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार: "आठचा म्हणतात आणि वर्निअरवर ७.८५ दाखवतोय, खोटं बोलले का?" नाही हो. आठ हे नाव झालं. नेहमीच्या टॉलरन्समध्ये (मान्य असलेल्या कमीजास्तीत) एम ८ चा बाहेरचा व्यास ७.७६० ते ७.९७२ च्या मध्ये भरतो. पूर्ण ८ कधीच नाही, कारण नटात फिरायला थोडी मोकळीक लागते, ठासून बसवला तर फिरणारच नाही. दहाचाही पूर्ण दहा भरत नाही, तो ९.७३ ते ९.९७ च्या आसपास. तेव्हा सांगितलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात थोडं कमी भरणं हे या जातीत सर्रास आहे, मनाला लावून घेऊ नये.

पाईपवाल्यांचं मात्र उलटं, तिथे नाव छोटं आणि लक्षण मोठं. अर्ध्या इंचाच्या पाईपच्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. पूर्वी नाव पाईपच्या आतल्या भोकावरून पडलं, पाईपची जाडी बदलत गेली, नाव तेच राहिलं. नवीन माणूस नळाचे आटे वर्निअरने मोजतो, २१ बघतो आणि पाऊण इंची फिटिंग घेऊन येतो, बसत नाही, मग म्हणतो माल खराब. माल चांगला आहे.

मोजताना धरायचं कसं यावर मी जरा जास्तच बोलतो अशी माझी ख्याती आहे, पण त्याला कारण आहे. वर्निअरच्या जबड्यात वस्तू टोकाकडे धरू नका, जमेल तेवढी मुळाशी, म्हणजे पट्टीच्या जवळ धरा. सरकता जबडा पट्टीवर थोडा तरी सैल असतो, टोकाला धरून दाबलं की तो कलतो आणि आकडा बदलतो. अर्न्स्ट आब्बे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडलेलं तत्त्वच आहे की माप आणि मोजपट्टी एका रेषेत पाहिजेत, वर्निअरमध्ये ती नसतात आणि मायक्रोमीटरमध्ये असतात, म्हणून मायक्रोमीटर जास्त भरवशाचा. आणि मायक्रोमीटरला मागे जो रॅचेट असतो तो वापरा राव. टिक टिक झालं की थांबायचं. पुष्कळजण मुख्य बॅरल पिळत बसतात, जोर लावला की माप चांगलं येतं असं वाटतं त्यांना. हलक्या हाताने, समान दाबाने, आणि सुरू करण्याआधी रिकामे जबडे मिटवून शून्य येतोय का बघून. शून्याला शून्य येत नसेल तर पुढच्या आकड्याचा अभिमान कशाचा धरायचा?

मेजर टेपचं टोक हलतं म्हणून तक्रार करणारेही भेटतात. ते जाणूनबुजून सैल ठेवलेलं असतं. जेवढी टोकाच्या त्या हुकाची जाडी तेवढंच ते पुढेमागे सरकतं, म्हणजे कडेला अडकवून ओढून मोजलं तरी बरोबर आणि भिंतीला टेकवून दाबून मोजलं तरी बरोबर. ते ठोकून घट्ट केलं की दोन्हीपैकी एक माप कायमचं चुकीचं. सैल आहे म्हणून बिघडलंय असं दर वेळी नसतं.

गरम असताना मोजू नका, हे लेथवाल्यांना सांगतो. मापांसाठी जगभर २० डिग्री तापमान ठरलेलंय. १०० मिमीचा अॅल्युमिनिअमचा जॉब त्याच्या ३० डिग्री वर असताना मोजलात तर जवळपास ०.०७ मिमी मोठा दिसतो, लोखंडाचा त्याच्या निम्मा. उत्साहात आणखी एक कट मारता, चहा पिऊन येता, तोवर गार होऊन आकसलेला. बेअरिंग बसायच्या जागी ०.०७ म्हणजे जॉब भंगारात. तुमच्या पट्ट्यांच्या कामाला याचा काडीचा संबंध नाही, पण गरम असताना घेतलेल्या मापावर बढाई मारणारे मी फार पाहिलेत.

आणि एक, बोल्ट आवळला की लांब होतो. खरंच होतो, तो ताणला जातो आणि परत आखूड व्हायला बघतो, त्या ओढीनेच पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात. ८.८ ग्रेडचा (ही बोल्टची ताकद सांगणारी खूण) बोल्ट बऱ्यापैकी आवळला तर दर ५० मिमीला साधारण ०.१ मिमी ताणतो. म्हणून मोठ्या मशिनरीत आणि कनेक्टिंग रॉडला नुसत्या टॉर्कवर (पान्याने पिळायच्या जोरावर) भरवसा ठेवत नाहीत, आवळण्याआधी आणि आवळल्यावर लांबी मोजून फरक बघतात. कारण पान्यावर लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो, जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष ताणाच्या कामी येतो. आट्यांना तेल लावलं तर तोच जोर लावून बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि तुटूही शकतो. तेव्हा मॅन्युअलमध्ये आकडा कोरड्या आट्यांचा दिलाय की तेल लावलेल्या, हे वाचल्याशिवाय वंगण लावू नका. काही गाड्यांच्या हेड बोल्टना जास्तीत जास्त लांबी किती चालेल हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यापुढे ताणून लांबलेला बोल्ट परत वापरायचा नाही. तिथे लांब म्हणजे थकलेला.

राहिलं भाऊंचं शेवटचं, "पन्नासचे कापून चाळीसचे करू का?" षटकोनी हाफ थ्रेडवाले कापू नका. कापणार टोकाकडून, म्हणजे जाणार ते आटेच, गुळगुळीत २८ मिमी तसाच राहणार आणि तुमची अडचण जिथल्या तिथे. ऍलनचे कापता येतील, २२ नंतर १८ मिमी आटे उरतात, तेवढे पुरतात. कापण्याआधी एक नट आत चढवून ठेवा, मग हॅकसॉ मारा, टोकाची कड कानशीने तिरकी काढा आणि नट उलटा फिरवून बाहेर काढा, म्हणजे टोकाचे दबलेले आटे सरळ होतात. आजच्या आज षटकोनीवरच काम भागवायचं असेल तर डोक्याखाली आणखी दोन वॉशर घाला, जाडी ३०.४ होईल, नट आट्यांवर राहील आणि मागे भरपूर बाहेरही निघेल. दिसायला बरं दिसणार नाही, पण हलायचं थांबेल. नवीन मागवताना मात्र एम ८ बाय ४०, षटकोनी, फुल थ्रेड एवढं सगळं लिहून द्या, आणि पार्सल आलं की डोकं सोडून मोजा.